'ऑस्तॉल' म्हणजे टेबल: एका हंगेरियन शब्दाचं कूळ आणि व्याकरण, पायरीपायरीनं

बुडापेस्टमध्ये मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो, तिथलं स्वयंपाकघर एका टेबलानं जवळजवळ भरून गेलेलं होतं. जुनं, जड लाकडी टेबल, वर फिकट पिवळ्या चौकड्यांचं मेणकापड, खाली अडकून बसणारा एक ड्रॉवर. हंगेरियन मी शिकलो ते मुख्यतः या टेबलाशी बसून. घरमालकीणबाईंना मी तिथल्या रिवाजाप्रमाणे 'नेनी' म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे मावशी किंवा काकू म्हणावं तसं. एकदा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि कुठं ठेवू असं मी विचारलं. उत्तर आलं, "ऑझ ऑस्तॉलरॉ." दुसऱ्या दिवशी किल्ली कुठं आहे असं विचारलं, तर उत्तर आलं, "ऑझ ऑस्तॉलोन." मराठीत दोन्हीला मी 'टेबलावर' एवढंच म्हटलं असतं. शेवटचा आवाज का बदलला, हे नीट कळायला मला दोन महिने लागले. ते दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

माझं म्हणणं साधं आहे. हंगेरियन शिकायला बसलात, तर पहिल्या आठवड्यात पन्नास शब्द पाठ करू नका. घरातला एकच शब्द घ्या, त्याचं कूळ बघा आणि त्याला लागणारा एकेक प्रत्यय लावून बघा. तो शब्द 'ऑस्तॉल' असावा असं मला वाटतं. त्याच्या जन्मकथेत या भाषेचा हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची रूपं चालवताना फारसे अपवाद आडवे येत नाहीत.

पहिली पायरी: उच्चार

मराठी माणसाला इथं चांगली सुरुवात मिळते. हंगेरियन त आणि द आपल्या 'तवा' आणि 'दही' यांच्यासारखे दंत्य आहेत, इंग्रजीसारखे ट-ड नाहीत. आपल्याकडे च दोन प्रकारचे आहेत, 'चाक'मधला आणि 'चहा'मधला. हंगेरियनमध्येही तेच दोन च आहेत आणि लिहिताना ते वेगळे दाखवतात: नुसता 'सी' असेल तर चाकातला च, 'सी-एस' जोडीनं आले तर चहातला. झेड म्हणजे 'झरा'मधला झ.

फसगत होते ती 'एस'पाशी. हंगेरियनमध्ये एकटा 'एस' म्हणजे श, आणि 'एस-झेड' ही जोडी म्हणजे स. म्हणून तिथले लोक आपल्या राजधानीला 'बुदॉपॅश्त' म्हणतात. आपला शब्द रोमन लिपीत ए-एस-झेड-टी-ए-एल असा लिहितात. मधली 'एस-झेड' जोडी त्यांच्या वर्णमालेत एकच अक्षर धरतात आणि तिचा उच्चार स.

साधा 'ए' म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला अ, आपल्या 'ऑ'च्या जवळचा. त्याच्यावर तिरकी रेघ असेल तर स्वच्छ, लांब 'आ'. 'ई' हे अक्षर बिनरेघेचं असेल तर 'ॲ'च्या जवळ, रेघेसह असेल तर लांब 'ए'. ओठ गोल ठेवून 'ए' म्हणायचा एक स्वर आहे, तो मराठीत नाही. या लेखात मी तो 'यो' असा लिहिला आहे, आणि तसाच गोल ओठांचा 'इ' मी 'यु' असा लिहिला आहे. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर: ऑस्तॉल. शब्द कितीही लांबला तरी आघात तिथून हलत नाही.

दुसरी पायरी: कूळ शोधणं

हंगेरियन ही युरोपातल्या बहुतेक भाषांच्या कुळातली नाही. ती उराली कुळातली. फिनिश आणि एस्टोनियन तिच्या दूरच्या नातलग, तर रशियन, जर्मन आणि आपली मराठी या इंडो-युरोपीय कुळातल्या. हंगेरियन लोक पूर्वेच्या गवताळ प्रदेशातून घोड्यांवरून आले आणि इसवी सन 895 च्या सुमाराला कार्पेथियन पर्वतांच्या कुशीतल्या खोऱ्यात स्थिरावले. तिथं आधीपासून स्लाव्ह लोकांची वस्ती होती. फिरतं जीवन सोडून स्थिर घर करायला लागल्यावर घरातल्या आणि शेतातल्या कितीतरी गोष्टींची नावं त्यांनी या शेजाऱ्यांकडून घेतली. स्वयंपाकघर म्हणजे 'कोन्यहॉ', किल्ली म्हणजे 'कुल्च', खिडकी म्हणजे 'ऑब्लॉक', तुळई म्हणजे 'गॅरॅन्दॉ': सगळे स्लाव्ह शब्द. आपला 'ऑस्तॉल'ही त्यातलाच. मूळ स्लाव्ह शब्द 'स्तोल'. रशियनमध्ये त्याचा अर्थ टेबल, तर स्लोव्हेनियन आणि बल्गेरियनमध्ये खुर्ची. बसायची वस्तू आणि समोर ठेवायची वस्तू एकाच शब्दाच्या वाटणीला आल्या.

'स्तोल'चा 'ऑस्तॉल' कसा झाला? दोन बदल आहेत आणि दोन्ही ओळखायला शिकलात, तर पुढं शेकडो शब्दांचं मूळ तुम्हाला स्वतःला दिसायला लागेल.

पहिला बदल शब्दाच्या तोंडाशी. जुन्या हंगेरियनला शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं एकत्र चालत नसत. मग एकतर पुढं स्वर लावायचा किंवा मध्ये स्वर घालायचा. आपल्याकडे स्टेशनाला 'इस्टेशन' म्हणणारे आजोबा हेच करत होते. 'स्तोल'ला पुढं स्वर लागला. लॅटिन 'स्कोला' म्हणजे शाळा, तिची 'इश्कोलॉ' झाली. गंजीला स्लाव्ह शब्द 'स्तोग', तो 'ऑस्तॉग' झाला, अगदी आपल्या शब्दाचा जुळा भाऊ. दुसरी रीत मध्ये स्वर घालायची: गवताच्या काडाला 'स्लामा', त्याचं 'सॉल्मॉ'. भाऊ या अर्थाचा 'ब्रात', त्याचा 'बॉरात' झाला आणि अर्थ सरकून मित्र झाला. हा 'ब्रात' संस्कृतातल्या भ्रात्याचा सख्खा नातेवाईक. म्हणजे आपला 'भाऊ' स्लाव्ह लोकांमार्फत हंगेरियनमध्ये मित्र होऊन पोचला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या मेणकापडावर बोटानं ते शब्द लिहून पाहिले होते.

दुसरा बदल स्वराचा: स्लाव्ह 'ओ'च्या जागी हंगेरियन 'ऑ'. ओढ्याला स्लाव्ह 'पोतोक', हंगेरियन 'पॉतॉक'. खिडकीला 'ओब्लोक', तिचं 'ऑब्लॉक'. 'स्तोल'चं 'स्तॉल' त्याच नियमानं.

राजाच्या दरबारात जेवणाच्या टेबलाची व्यवस्था बघणारा अधिकारी असे. त्याला स्लाव्ह भाषेत 'स्तोल्निक', हंगेरियनमध्ये 'ऑस्तॉल्नोक'. शब्द घरात आला तसा राजवाड्यातही शिरला.

एखाद्या शब्दाबद्दल असा तर्क केल्यावर तो तपासून घ्यायची सवय लावा. हंगेरियनचा मोठा ऐतिहासिक व्युत्पत्तिकोश 1967 ते 1984 या काळात खंडाखंडानं निघाला. शब्द कोणत्या लेखात प्रथम सापडतो, कोणत्या रूपात आणि कोणत्या अर्थानं, हे तिथं मिळतं. अंदाज बरोबर आला की फार बरं वाटतं, पण तो चुकतो तेव्हाच खरं शिकायला मिळतं.

तिसरी पायरी: लिंग सोडून द्या, संख्या सांभाळा

हंगेरियनमध्ये नामाला लिंग नाही. तो टेबल की ते टेबल, ती खुर्ची की तो खुर्ची, हा प्रश्नच उठत नाही. माणसाबद्दल बोलताना तो आणि ती या दोघांनाही सर्वनाम एकच. निश्चित वस्तू सांगताना पुढं 'ऑ' येतो, आणि शब्द स्वरानं सुरू होत असेल तर 'ऑझ': ऑझ ऑस्तॉल, पण ऑ सेक (खुर्ची).

अनेकवचन 'ओक'नं: ऑस्तॉलोक. पण आकडा आला की नाम एकवचनीच राहतं. दोन टेबलं म्हणजे 'केत ऑस्तॉल', 'केत ऑस्तॉलोक' कधीच नाही. आकड्यानंच संख्या सांगितली, मग नामानं ती पुन्हा कशाला सांगायची, असा त्यांचा हिशेब. आपण 'दोन कप', 'पाच किलो' म्हणतो तेव्हा नाम जसंच्या तसं राहतं. तो प्रकार सगळ्या नामांना लावा.

चौथी पायरी: वर, वरती, वरून

इथं थांबायचं आणि वेळ द्यायचा. सगळी भाषा या पायरीवर उभी आहे.

हंगेरियन माणूस जागा सांगताना दोन प्रश्न विचारतो. वस्तू कुठल्या बाजूला आहे, आत, पृष्ठभागावर की जवळ? आणि ती तिथं आहे, तिथं जाते आहे की तिथून निघते आहे? तीन गुणिले तीन म्हणजे नऊ प्रत्यय. कागदावर तीन ओळी आणि तीन रकाने आखा आणि 'ऑस्तॉल' त्यात भरा.

पृष्ठभागाची ओळ: ऑस्तॉलोन (टेबलावर आहे), ऑस्तॉलरॉ (टेबलावर ठेवायचं), ऑस्तॉलरोल (टेबलावरून). जवळची ओळ: ऑस्तॉलनाल (टेबलाशी आहे), ऑस्तॉलहोझ (टेबलाशी यायचं), ऑस्तॉल्तोल (टेबलापासून). आतली ओळ टेबलाला फारशी लागत नाही, तिच्यासाठी ड्रॉवर घ्या, 'फियोक': फियोकबॉन (आत आहे), फियोकबॉ (आत टाकायचं), फियोकबोल (आतून).

आता ही तीन वाक्यं रोज मोठ्यानं म्हणा.

ऑ कुल्च ऑझ ऑस्तॉलोन वॉन. किल्ली टेबलावर आहे.
तॅद्द ऑ कुल्चोत ऑझ ऑस्तॉलरॉ! किल्ली टेबलावर ठेव.
वॅद्द लॅ ऑ कुल्चोत ऑझ ऑस्तॉलरोल! किल्ली टेबलावरून घे.

पहिल्या दोन वाक्यांत मराठीत 'टेबलावर' एकच, हंगेरियनमध्ये दोन. मराठी माणसाची पहिली आणि चिवट चूक इथंच होते. 'ठेव'बरोबर आपल्या तोंडून 'ऑस्तॉलोन' निघतं. त्यावर एक उपाय मला लागू पडला. क्रियापद बोलण्याआधी हात हलवायचा. हात हलला तर 'रॉ', हात स्थिर राहिला तर 'ओन'. नेनींनी मला हे शिकवलं नव्हतं, पण किल्ली हातात धरून त्या जसा हात करायच्या, त्यावरून ते सुचलं.

प्रत्यय शब्दाला चिकटून येतो म्हणून घाबरायचं कारण नाही. हिंदीत 'मेज़ पर' असं सुटं लिहितात, आपण 'टेबलावर' असं एकसंध लिहितो. आपलं 'वर' हे संस्कृत 'उपरि'पासून आलेलं आहे, एकेकाळचा स्वतंत्र शब्द. हंगेरियन 'रॉ'चीही तीच कथा आहे आणि तिचा लेखी पुरावा आहे. 1055 साली राजा आंद्राश पहिला यानं बलातोन सरोवराकाठच्या तिहान्यच्या मठाला सनद दिली. सनद लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या हद्दी सांगताना लेखकानं मध्येच हंगेरियन शब्द लिहिले. त्यात एक तुकडा आहे, फॅहॅरुवारु रॅआ मॅनॅह होदु उतु रॅआ, म्हणजे 'फॅहेरवारला जाणाऱ्या लष्करी रस्त्यावर'. त्यात 'रॅआ' सुटा लिहिलेला आहे. आज तो शब्दाला चिकटून 'रॉ' झाला. ही सनद पान्नोनहाल्माच्या मठात जपून ठेवलेली आहे. आत असण्याचा 'बॉन' हाही असाच, पोट किंवा आतला भाग सांगणाऱ्या शब्दापासून आलेला.

त्या तुकड्यातलं फॅहेरवार म्हणजे आजचं सेकॅश्फॅहेरवार. नावातला 'सेक' म्हणजे आपली खुर्ची, इथं गादी या अर्थानं. हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक तिथं होत असत.

पाचवी पायरी: स्वर जुळवणं

ऑस्तॉलला 'ओन' आणि 'रॉ' लागले. खुर्चीला, म्हणजे 'सेक'ला, तेच प्रत्यय लावले तर 'सेकॅन' आणि 'सेकरॅ' होतात. शब्दातले स्वर जिभेच्या मागच्या बाजूचे असतील (ऑ, आ, ओ, उ) तर प्रत्ययातही मागचा स्वर येतो. पुढच्या बाजूचे असतील (ॲ, ए, यो, यु) तर पुढचा. ऑस्तॉलोक पण सेकॅक. ऑस्तॉलरोल पण सेकर्योल. ऑस्तॉल्लॉल (टेबलानं, टेबलासह) पण सेक्कॅल. या शेवटच्या जोडीत आणखी एक गंमत आहे. मूळ प्रत्यय 'वॉल' किंवा 'वॅल' असा आहे, पण त्यातला व शब्दाच्या शेवटच्या व्यंजनात विरघळतो आणि ते व्यंजन दुप्पट होतं.

नियम पाठ करण्यापेक्षा टेबल आणि खुर्ची या जोडीला सोबत धरा. कुठलाही नवा प्रत्यय भेटला की तो दोघांना लावून म्हणून बघा. तोंडाला सवय झाली की चुकीचा स्वर खटकायला लागतो. 'इ' हा स्वर मात्र कधीकधी फसवतो: पूल म्हणजे 'हीद', दिसायला पुढचा, पण त्याला 'हीदोन' असं मागचं रूप लागतं. असे शब्द थोडे आहेत, भेटतील तसे लक्षात ठेवा.

सहावी पायरी: कर्म, आणि कापूस-लाकडाचा धडा

कर्माला 'त' लागतो: ऑस्तॉल्त. उपाहारगृहात टेबल राखून ठेवायचं असेल तर फोनवर 'सॅरॅत्नेक ऑस्तॉल्त फोग्लॉल्नि' म्हणायचं. पुढं 'एक' किंवा 'ते' असं काही लागत नाही. क्रियापदाकडेही लक्ष द्या. 'लातोक ॲद्य ऑस्तॉल्त' म्हणजे मला एक टेबल दिसतं, 'लातोम ऑझ ऑस्तॉल्त' म्हणजे मला ते टेबल दिसतं. कर्म निश्चित असेल तर क्रियापदाचा शेवट बदलतो.

'ऑस्तॉल' हा गुणी शब्द आहे, प्रत्यय लागताना मूळ शब्द हलत नाही. सगळे शब्द असे नाहीत. चमचा म्हणजे 'कॉनाल', पण कर्मरूप 'कॉनॉलॉत': मधला लांब स्वर आखूड झाला. पेला 'पोहार', कर्मरूप 'पोहॉरॉत'. आरसा 'त्युक्योर', कर्मरूप 'त्युक्र्योत': मधला स्वर गळालाच. परदेशी विद्यार्थी इथं वैतागतात. मराठी माणसाला हे नवीन नाही. दूध, पण दुधात. मीठ, पण मिठात. लाकूड, पण लाकडावर. कापूस, पण कापसात. सामान्यरूप आपण बालपणापासून न शिकता बोलतो आहोत. त्याच कानानं 'कॉनाल-कॉनॉलॉत' ऐका. माझ्या टेबलावरच्या मेणकापडाला 'वियॉसोश्वासोन' म्हणत. 'वियॉस' म्हणजे मेण आणि 'वासोन' म्हणजे कापड, अगदी आपल्या शब्दासारखीच घडण. त्यातल्या 'वासोन'चं कर्मरूप 'वास्नॉत', म्हणजे पुन्हा लाकूड-लाकडाचाच प्रकार.

सातवी पायरी: माझं टेबल

मालकी सांगायला सुटा शब्द लागत नाही. ऑस्तॉलोम माझं टेबल, ऑस्तॉलोद तुझं, ऑस्तॉलॉ त्याचं किंवा तिचं, ऑस्तॉलुंक आमचं. विभक्तीचा प्रत्यय त्याच्यानंतर येतो: ऑस्तॉलोमोन, माझ्या टेबलावर. टेबलं अनेक असतील तर मालकीच्या आधी एक 'इ' शिरतो: ऑस्तॉलॉइमोन, माझ्या टेबलांवर. क्रम पक्का ध्यानात ठेवा, आधी वस्तू, मग मालक, शेवटी जागा.

'माझ्याकडे टेबल आहे' याला 'वॉन ॲद्य ऑस्तॉलोम', शब्दशः 'आहे एक टेबल-माझं'. वस्तू 'जवळ असणं' यासाठी इंग्रजी 'हॅव'सारखं वेगळं क्रियापद नाही, मराठीतही नाही, म्हणून हे वाक्य आपल्याला सोपं जातं. दोन नामांचं नातं सांगताना मात्र उलटं करावं लागतं. टेबलाचा पाय म्हणताना आपण 'चा' मालकाला लावतो. हंगेरियनमध्ये खूण पायाला लागते: 'ऑझ ऑस्तॉल लाबॉ', टेबल पाय-त्याचा. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. घरातल्या वस्तूंच्या भागांवर सराव करा: दाराची कडी, कपाटाचा खण, भांड्याचं झाकण.

आठवी पायरी: शब्दाचा गोतावळा

सुतार म्हणजे 'ऑस्तॉलोश', टेबलाचा माणूस. हे आडनावही आहे. लिहायचं टेबल 'ईरोऑस्तॉल'. टेबल टेनिस 'ऑस्तॉलितॅनिस'. टेबलाचा ड्रॉवर 'ऑस्तॉल्फियोक', आणि या 'फियोक'चं मूळ मुलगा किंवा पिल्लू सांगणाऱ्या शब्दात आहे. ड्रॉवर म्हणजे टेबलाचं पिल्लू, आणि बँकेची शाखाही 'फियोक'च.

छोट्या टेबलाला 'ऑस्तॉल्कॉ'. याला 'माझं' लावलं की 'ऑस्तॉल्काम': शेवटचा 'ऑ' लांब होऊन 'आ' झाला. शब्दाच्या शेवटी 'ऑ' असेल तर जवळपास प्रत्येक प्रत्ययापुढं तो असा लांबतो. कोन्यहॉ, पण कोन्यहाबॉन, स्वयंपाकघरात. इंदियॉ, पण इंदियाबॉन. हंगेरियन मुलांना हे रूप लोककथेतून पाठ असतं: 'तॅर्युल्य, तॅर्युल्य, ऑस्तॉल्काम', पसर, पसर, माझ्या छोट्या टेबला, असं म्हटलं की ते टेबल पक्वान्नांनी भरून जातं.

देशांची गोष्ट निघाली म्हणून एक सांगतो. भारतात 'इंदियाबॉन', मुंबईत 'मुंबइबॉन', म्हणजे आत. पण हंगेरीत 'मॉद्यॉरोर्सागोन', बुडापेस्टमध्ये 'बुदॉपॅश्तॅन', म्हणजे पृष्ठभागावर. स्वतःच्या देशावर ते टेबलावरच्या किल्लीसारखे असतात आणि परक्या देशात ड्रॉवरमधल्या वस्तूसारखे. हंगेरीतलीच काही गावं 'आत'चा प्रत्यय घेतात, उदाहरणार्थ दॅब्रॅत्सॅन, ती एकेक करून शिकावी लागतात.

सरावासाठी मी केलं ते सांगतो. नऊ चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर एक प्रत्यय. जेवताना एक चिठ्ठी उचलायची आणि टेबल, खुर्ची, ड्रॉवर, खिडकी, चमचा यांपैकी समोर असेल त्याला लावून वाक्य म्हणायचं. नेनी चूक दुरुस्त करायच्या, बहुतेक वेळा नुसतं बरोबर रूप पुन्हा म्हणून. तीन आठवड्यांत चिठ्ठ्यांची गरज संपली.

आपल्याकडे जेवण तयार झालं की 'पानं घेतली आहेत, चला' अशी हाक येते आणि आपण पानावर बसतो. नेनी दुपारी सूपाचं भांडं मेणकापडावर ठेवायच्या आणि दाराकडे बघून एकच शब्द म्हणायच्या, "ऑस्तॉलहोझ!" टेबलाशी. तिथं यायचं, म्हणून 'होझ'. आपण येऊन बसलो की 'नाल'.